वरळीची एक शैक्षणिक फेरी

मुंबईस येणारा पाहुणा वरळीस जातो तो बहुधा समुद्र पाहावयास. सायंकाळच्या सुमारास खान अब्दुल गफार खान मार्गाच्या कठड्यावर बसावें, पश्चिमेचा वारा अंगावर घ्यावा, २००९ सालीं खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचे ताणलेले दोर न्याहाळावे आणि भाजलेलें कणीस खाऊन परत फिरावें, एवढ्यांत त्याची वरळी संपते. कोणी अधिक चौकस असला, तर तो कोळीवाड्याच्या टोकाचा जुना किल्ला पाहतो व गोलफादेवीचें दर्शन घेतो. वरळी हें मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं एक. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरत असे. तें अडविणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला, आणि त्यामागें जी जमीन मोकळी झाली तिच्यावर शहर पसरत गेलें. १९२० नंतरच्या दशकांत बी. डी. डी.च्या १२१ चाळी एकट्या वरळींत उभ्या राहिल्या. आज त्यांच्या जागीं उंच इमारती चढत आहेत.

आमची फेरी मात्र निराळ्या हेतूनें झाली. वरळी हें शिक्षणाच्या एका विशिष्ट शाखेचें जुनें ठिकाण आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावर ‘हॅपी होम’ ही अंध मुलांची शाळा आहे, आणि समुद्राकांठीं १९५२ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर दि ब्लाइंड’ या संस्थेची वास्तु आहे. या भागांत पांढरी काठी टेकीत जाणारा तरुण दिसला तर वाटेंतली माणसें आपसूक बाजूस होतात. काठी काय सांगते हें सर्वांस समजतें, आणि उठावदार ठिपक्यांची ब्रेल लिपि बोटांखालीं घेऊन अंध मुलगा एम. ए. होतो हेंही आतां कोणास नवल वाटत नाहीं.

परंतु ज्या मुलाचे डोळे उत्तम, कान तीक्ष्ण, चेहरा देखणा, आणि तरीही ज्यास भोंवतालच्या माणसांचें बोलणें-वागणें हीच न उलगडणारी लिपि वाटते, त्याच्या हातांत कोणती काठी द्यावी? त्याची ब्रेल कोणती? आमच्या स्नेह्यांचा दहा वर्षांचा मुलगा असा आहे. वैद्यकांत या अवस्थेस ‘ऑटिझम’ म्हणतात, मराठींत ‘स्वमग्नता’. त्याच्या मातोश्रींच्या समवेत वरळी, लोअर परळ व शिवडी असे हिंडत असतां जें पाहिलें व समजून घेतलें, तें वाचकभगिनींपुढें ठेवावें असें वाटतें, कारण हा प्रश्न शाळेआधीं घरांत उभा राहतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें लिओ कॅनर या डॉक्टरांनीं अकरा मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स अ‍ॅस्पर्गर यांनीं तशाच कांहीं मुलांविषयीं लिहिलें. त्यानंतर कित्येक वर्षें या अवस्थेचा दोष आईच्या माथीं मारला जात होता. आई थंड हृदयाची, म्हणून मूल आंतल्या आंत मिटलें, असें मोठमोठे विद्वान बिनदिक्कत लिहीत. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड यांनीं या मताचें पुस्तकरूपानें खंडन केलें. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः अशा मुलाचे वडीलही होते. आज हें निश्चित झालें आहे कीं, स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणींतील जन्मजात भिन्नता आहे, तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे, आणि आईच्या मायेशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. तरीही आमच्या स्नेह्यांच्या घरीं, “तूं नोकरीस जात होतीस ना, म्हणून हें झालें,” हें वाक्य त्या माउलीनें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेंच. विद्वानांनीं सोडलेली समजूत आपल्या माजघरांत अजून नांदते आहे, हें खेदानें नमूद करावें लागतें.

या मुलाबरोबर वरळीच्या रस्त्यानें चालणें हाच एक पाठ असतो. आम्हांस जो आवाज ‘रहदारी’ या एका शब्दांत मावतो, तो त्याला एकेक सुटा ऐकूं येतो: कर्णा, ब्रेक, मजुराचा हातोडा, दूरचा ढोल. त्यांतला एखादा असह्य झाला कीं तो दोन्ही कानांवर हात घेतो. गणेशोत्सवांत म्हणून त्याच्या कानांवर आवाज अडविणारीं जाड टोपणें असतात. पाहणारे म्हणतात, “लाडावलेला आहे.” त्याच्या आईच्या खांद्यावरील पिशवींत चित्रांच्या छोट्या तक्त्यांचा एक जुडगा असतो. घरून निघतांना ती चार चित्रें एका पट्टीवर ओळीनें लावते: बस, समुद्र, कणीस, घर. एकेक गोष्ट झाली कीं तो तें चित्र काढून मागच्या खिशांत ठेवतो. पुढें काय होणार हें डोळ्यांपुढें असलें म्हणजे त्याचें चित्त स्थिर राहतें. तोंडानें सांगितलेलें वाक्य हवेंत विरून जातें, चित्र मात्र जागच्या जागीं राहतें, एवढेंच यांतलें इंगित.

हें इंगित एका व्यक्तीचें नव्हे. एरिक शॉप्लर यांच्या प्रयत्नानें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत १९७२ सालीं जी शिक्षणपद्धति सर्व राज्यभर सुरू झाली, तिचा पाया हाच आहे. कामाची जागा ठरलेली असावी, काम किती व केव्हां संपणार हें दिसावें, आणि डावीकडून उजवीकडे एकेक टोपली रिकामी होत जावी. १९८५ च्या सुमारास अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनीं तिच्या जोडीस दुसरी युक्ति आणली. मुलास पाणी हवें असेल तर त्यानें पाण्याचें चित्र उचलून समोरच्या माणसाच्या हातांत द्यावें. नुसतें बोट दाखविणें नव्हे, तर हातांत देणें. कारण त्या देण्यांतच ‘मला तुझ्याकडून कांहीं हवें आहे’ हा संवादाचा पहिला धडा येतो. चित्रांची संवय लागली तर मूल बोलावयाचेंच नाहीं, ही भीति पुष्कळ आजीबाईंना असते. आजवरच्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाहीं. उलट, चित्रांचा हात धरून कांहीं मुलें शब्दांकडे वळतात.

लोअर परळच्या बाजूस ना. म. जोशी मार्गावर ‘उम्मीद’ हें बालविकास केंद्र आहे. डॉ. विभा कृष्णमूर्ति यांनीं तें २००१ सालीं सुरू केलें. तेथील कामाचा रोख ध्यानांत घेण्याजोगा आहे. मुलाची तपासणी होतेच, परंतु आईबाप व शिक्षक यांनाही तयार केलें जातें. मूल केंद्रांत आठवड्याचे थोडे तास असतें. उरलेल्या वेळांत त्याची शाळा म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जिना.

तेथून पूर्वेस शिवडीच्या टेकडीवर ‘जय वकील’ ही जुनी संस्था आहे. १९४४ सालीं एका पारशी दांपत्यानें आपल्या मुलीस कोणती शाळा नाहीं म्हणून स्वतःच शाळा काढली, ती ही. कॅनर यांचें लिखाण ताजें होतें त्या काळांत मुंबईंत एका मुलीपायीं उघडलेल्या त्या शाळेनें पुढें बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीं ‘दिशा’ नांवाचा क्रमवार अभ्यासक्रम सिद्ध केला, आणि राज्य शासनाच्या सहकार्यानें तो महाराष्ट्रांतील विशेष शाळांतून नेला. पूर्वीं एका शाळेंत मणी ओवणें, दुसरींत रंग भरणें, असा ज्याचा त्याचा खाक्या असे. मूल कोठें आहे, पुढली पायरी कोणती, हें आतां शिक्षकास मोजून पाहतां येतें. स्वमग्न मुलांपैकीं पुष्कळांस बौद्धिक अपंगत्व नसतें हेंही येथें सांगितलें पाहिजे. त्यांची जागा साध्या शाळेंतच आहे.

आणि खरी अडचण तेथेंच येते. या मुलास एका शाळेनें ‘इतर पालकांची तक्रार येते’ म्हणून दाखला परत दिला. त्या शाळेचें नांव येथें नको. कायदा मात्र स्पष्ट आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यांत स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें तिला प्रथम नांवानें ओळखलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. त्याअन्वयें ठराविक प्रमाणाबाहेर अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठीं चाळीस बाबींची एक भारतीय मोजपट्टी वापरतात, तींत सत्तरच्या खालीं गुण आले तर स्वमग्नता नाहीं असें धरतात. शालान्त परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मिळतात. परंतु हीं कागदपत्रें दहावीच्या वर्षीं धांवपळ करून नव्हे, तर लहानपणींच करून ठेवावीं.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गांत एकटा शिक्षक काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण जें हवें तें फारसें खर्चाचें नाहीं. सूचना एका वेळीं एकच द्यावी, आणि ती फळ्यावर लिहावी. तासाचा क्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशीं सांगावें. त्याची जागा पंख्याच्या खडखडाटापासून व दारापासून दूर ठेवावी. ‘माझ्या डोळ्यांकडे पाहा’ असा हट्ट धरूं नये, कारण पुष्कळ स्वमग्न मुलें नजर वळवूनच नीट ऐकतात. ‘डोकें खाऊं नकोस’ असें म्हटल्यास तो शब्दशः घेऊन गोंधळेल, हें ध्यानांत ठेवावें. आणि जो विषय त्यास प्रिय, त्याच दारानें त्याला आंत घ्यावें.

या मुलाचें दार बसचें निघालें. मुंबईच्या बसगाड्यांवर क्रमांक देवनागरी अंकांत असतात हें आपण रोज पाहतों व विसरतों. हा मुलगा अंक शिकला तो पाटीवर नव्हे, अ‍ॅनी बेझंट मार्गावरील थांब्यावर. कोणती गाडी कोठें जाते हें त्याला मुखोद्गत आहे. त्यावरून अक्षरें आलीं, अक्षरांवरून गांवांचीं नांवें आलीं, आणि २०२५ च्या मे महिन्यांत भुयारी मेट्रो वरळीपर्यंत आली तेव्हां ‘आचार्य अत्रे चौक’ ही पाटी त्यानें अडखळत कां होईना, मोठ्यानें वाचली. तोंवर त्याचे स्वतःहून उच्चारलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे होते.

साधनांविषयीं एक गोष्ट विशेषतः मराठी घरांनीं मनावर घ्यावी. बाजारांत मिळणाऱ्या चित्रांच्या तक्त्यांत पाव, काटा-चमचा व बर्फांतलें घर असतें. आपल्या मुलास हवें असतें वरण-भात, ताट, चाळींतला जिना आणि देवघर. म्हणून घरच्या वस्तूंचीं छायाचित्रें काढून पुठ्ठ्यावर डकवावीं हें उत्तम. पवईच्या आय. आय. टी.मध्यें ‘जेलो’ नांवाचें एक साधन तयार झालें आहे. तें भ्रमणध्वनींत घेतलें कीं चित्रावर बोट ठेवतांच मराठींतून शब्द उमटतो. ज्या भाषेंत आई हांक मारते त्याच भाषेंत मुलाला मागतां यावें, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत या मुलाच्या मुंजीचा प्रश्न निघाला. “त्याला काय कळणार? उगाच लोकांत शोभा,” असें एका पक्षाचें म्हणणें. आईचें म्हणणें एवढेंच कीं, कळतें किती हें आपणच ठरवूं नये. तिनें दोन महिने आधीं सात चित्रांची वही केली: केस कापणें, स्नान, मातृभोजन, होम, जानवें, भिक्षावळ, झोप. यंत्राचा आवाज त्याला सोसत नाहीं, म्हणून न्हाव्यानें कात्रीनें काम केलें. होम उघड्या गच्चींत झाला. माणसें वीसच बोलाविलीं, आणि वाजंत्री नव्हती. भिक्षावळीच्या वेळीं ‘ॐ भवति भिक्षां देहि’ त्याच्या तोंडून आलें नाहीं. त्यानें झोळी पुढें केली, आणि आईच्या हातांत तांदुळाचें चित्र ठेवलें. गुरुजींनीं क्षणभर पाहिलें, मान डोलाविली आणि पुढचा मंत्र म्हणावयास घेतला. घरांतल्या विरोधी पक्षानेंही त्या दिवशीं पोटभर जेवण केलें.

एक काळजी मात्र कोणत्याही चित्रानें मिटत नाहीं. “आमच्यामागें याचें कोण?” असें ती माउली समुद्राकडे पाहत म्हणाली. यावर आम्हीं तिला धीराचे शब्द सांगितले नाहींत. माहिती होती ती सांगितली. मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबापही कायद्यानें आपोआप पालक राहत नाहींत. १९९९ च्या त्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि ही तजवीज वेळेवर करतां येते. त्याहून मोठी तजवीज शेजाऱ्यांची. ज्या मजल्यावर, ज्या थांब्यावर, ज्या वाण्याच्या दुकानांत या मुलास दहा माणसें नांवानें ओळखतात, तेथें तो निराधार नसतो. त्याच्या हातच्या चित्रावर काय मागणें आहे हें वाचतां येणारीं माणसें वाढवणें, हें काम शाळेचें तितकेंच आपलें आहे. वाचकभगिनींपैकीं कोणाच्या मजल्यावर असें मूल असेल, तर उद्यां सकाळीं त्याच्या आईस एवढेंच विचारावें: “याला कसें बोलावलेलें आवडतें?”