वाढती कोर

परवां पहाटे नानांना हात धरून गच्चीवर नेलें. वद्य त्रयोदशीची रोडावलेली कोर पूर्वेस नुकतीच वर आली होती. आयुष्यभर इंग्रजी शिकविलेले नाना उद्गारले, "क्रेसेंट!"

दुसऱ्याचा शब्द दुरुस्त करण्याची खोड मला त्यांच्याकडूनच मिळाली आहे. मीं म्हटलें, "नाना, लॅटिन 'क्रेस्केरे' म्हणजे वाढणें, त्यावरून क्रेसेंट म्हणजे वाढता. ही तर उद्यां-परवां नाहींशी होणार!"

नाना हंसले. "मूळ अर्थ तोच. आधीं तें वाढत्या चंद्राचें विशेषण होतें. पुढें तें कोरीच्या आकारालाच चिकटलें, मग चंद्र वाढता असो वा घटता. शिवरायांच्या मुद्रेंतली प्रतिपदेची चंद्ररेखा मात्र अजून वर्धिष्णुच आहे."

विद्वत्तेपुरतें हें उत्तर पुरेसें होतें. पण त्यांचा हात माझ्या हातांत होता, आणि तो गेल्या महिन्यापेक्षां हलका झाल्याचें मला जाणवत होतें. घटत्या कोरीलाही माणसें वाढतीच म्हणतात. ही शब्दाची चूक म्हणावी कीं दया?

मीं माझी दुरुस्ती मागें घेतली. "क्रेसेंटच, नाना," मीं म्हटलें. आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघे तिच्याकडे पाहत बसून राहिलों.