गरम वारा, करंजी घाट आणि फराहबाग

पाथर्डीहून अहिल्यानगरला जाणारा रस्ता तिसगाव, करंजी असे करत करंजी घाटात येतो. फेब्रुवारीच्या अखेरीस या भागात एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. फजरच्या वेळी गाडीच्या काचेवर वाफ साचते, अंगावरची शाल सोडवत नाही. आणि दहाच्या सुमारास उन्हाचा चटका बसू लागतो. अशाच एका रविवारी अम्मी आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही नगरच्या निजामशाही वास्तू पाहायला निघालो.

पहाटे अम्मींचे गुडघे थंडीने आखडतात म्हणून हीटर लावला होता. घाट पार झाल्यावर बटण निळ्या खुणेकडे फिरवले, तरी वारा गरमच. ए.सी. लावून पाहिला, तरी गरमच. अम्मींना रक्तदाबाचा त्रास. त्यांचा चेहरा लाल झाला. "बेटा, काच खाली कर, जीव घाबरतोय," त्या म्हणाल्या. आम्ही लगेच काचा उघडल्या, सावलीच्या झाडाखाली गाडी थांबवली आणि त्यांना पाणी दिले.

अशा वेळी सर्वांत आधी पाहायचा तो इंजिनाच्या तापमानाचा काटा. तो नेहमीच्या जागी असेल, तर बिघाड हीटरपुरता असतो आणि काचा उघड्या ठेवून गॅरेजपर्यंत जाता येते. काटा वर चढत असेल तर मात्र इंजिनच तापत आहे. गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी दाबाने अंगावर उडते. आमचा काटा मधोमध होता. अल्लाहचे आभार मानून आम्ही पुढे निघालो.

थोरल्याने विचारले, "ए.सी. चालू असून वारा गरम कसा?" उत्तर समजायला सोपे आहे. इंजिनाची उष्णता घेऊन फिरणारे पाणी, म्हणजे कूलंट, डॅशबोर्डमागच्या एका लहान जाळीतूनही फिरते. तीच हीटरची जाळी. आत येणारा वारा तिच्यावरून न्यायचा की बाजूने, हे एक झडप ठरवते. आपण बटण फिरवतो तेव्हा ही झडप हलते. ती गरम बाजूला अडकली, तर ए.सी.ने थंड केलेला वाराही जाळीवरून जाऊन पुन्हा तापतो. म्हणून अशा वेळी ए.सी. वाढवून उपयोग नसतो. पंखा बंद केला तरी धावत्या गाडीत बाहेरची हवा त्याच वाटेने आत शिरते. बाहेरची हवा बंद करणारे, गोल बाणाचे बटण दाबले की हा झोत कमी होतो. आम्ही तेच केले.

वाटेत डोंगरावर चांदबीबी महाल लागतो. लोक त्याला महाल म्हणतात, पण ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत. कमानींतून वारा असा वाहतो, की अम्मी तिथे तासभर निवांत बसल्या. चेहऱ्यावरची लाली उतरली तेव्हाच आमचाही जीव भांड्यात पडला.

शहरात एका गॅरेजवर गाडी दाखवली. मिस्त्रींनी आधी बटण फिरवून पाहिले. ते अगदी सैल फिरत होते. "सर, केबल निसटलीय," ते म्हणाले. पुढच्या सीटसमोर वाकून त्यांनी झडपेची दांडी बोटाने ढकलली आणि त्याच क्षणी थंड वारा आला. केबल धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती. बटण घट्ट झाले असेल तर झडप किंवा केबल जाम असते, असे त्यांनी समजावले. आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांत केबलऐवजी छोटी मोटर असते. तिचे दाते झिजले की डॅशबोर्डमागून टकटक आवाज येतो. आणि गाडीत गोडसर वास येत असेल, पायाखालची मॅट ओली होत असेल, तर हीटरची जाळीच गळते आहे असे समजावे. ते काम लांबवू नये.

क्लिप येईपर्यंत आम्ही रिक्षाने फराहबागेत गेलो. 1583 मध्ये पूर्ण झालेला हा निजामशाही महाल तळ्याच्या मधोमध बांधलेला. शहराभोवतीच्या उगमांचे पाणी खापरी नळांतून अशा बागा-महालांपर्यंत आणलेले असे. जाड भिंती, उंच छत आणि चहूबाजूंनी पाणी. पाण्यावरून आलेला वारा आत शिरताना गार होत असे. आज तळ्यात ते पाणी राहिलेले नाही, तरी मधल्या दालनात बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो.

धाकटी म्हणाली, "म्हणजे आपल्या गाडीत वारा गरम पाण्यावरून येत होता आणि इथे थंड पाण्यावरून!" वर्गात हवा आणि उष्णतेचा धडा आम्ही अनेकदा शिकवला आहे, त्या दिवशी तिने तो एका वाक्यात सांगितला. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनीही वारा कशावरून आत घ्यायचा, याचाच विचार केला होता.

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत अनेक घरांतून लग्नांसाठी, नातेवाइकांकडे लांबचे प्रवास होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे काढून बटण दोन्ही टोकांना फिरवून पाहावे, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघावी. सोबत पाणी जास्त घ्यावे. आणि थांबल्यावर, "दोनच मिनिटांत येतो" म्हणूनही वृद्धांना किंवा लहान मुलांना बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभी गाडी हीटरशिवायही भट्टी होते.