उलट टपाली

डिंकाचे लाडू टिकतात. खारीक, खोबरं नीट भाजलेलं असलं, डिंक तुपात पुरता फुललेला असला आणि पाण्याचा हात लागला नसला, तर महिना-दीड महिना त्यांना काही होत नाही. हे ज्ञान माझं नव्हे, हिचं. २०२५च्या भाद्रपदात गणपती बसले त्याच आठवड्यात तिनं परातभर लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले, डब्याच्या झाकणाभोवती धुवट धोतराची पट्टी गुंडाळली आणि डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "हा आता तुमचा प्रांत."

धाकटी लेक अमेरिकेत. दिवस भरत आलेले. नवरात्राच्या सुमारास बाळंतपण अपेक्षित होतं. आम्हाला जाणं शक्य नव्हतं. हिचे गुडघे आणि माझं हृदय दोघांनीही प्रवासाला नकार कळवला होता. मग जायचं ते लाडवांनी, दुपट्यानं, दोन टोपड्यांनी आणि काजळाच्या डबीनं. सगळं मिळून दोन किलोच्या आत बसत होतं. एकोणचाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाच्या घरचं पार्सल ते. पुठ्ठ्याचा खोका, वर पांढरं मांजरपाट, कडेनं दाभणानं घातलेले टाके. हल्ली असं कुणी शिवत नाही, चिकटपट्टीवर भागतं. पण मला हात स्वस्थ बसू देत नाहीत.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सल घेऊन पोस्टात गेलो. काउंटरवरची मुलगी ओळखीची. घरी कन्नड बोलणारी, पण आमच्याशी अस्सल बेळगावी मराठीत. "काका, अमेरिका पूर्ण बंद हाय बघा. काय बी घेऊ नका म्हणून आलंय."

"पार्सल बंद असेल. भेटवस्तूला सूट आहे ना? शंभर डॉलरच्या आतलं आहे."

"आधी ते चालू होतं. आता ते पण न्हाई."

"मग पत्र?"

"पत्र बी न्हाई, काका."

मी खोका काखोटीला मारून बाहेरच्या बाकावर बसलो. पार्सलं अडकलेली मी पाहिली आहेत. संप पाहिले, पूर पाहिला. पण एका देशाला पत्रसुद्धा घेत नाही, हे काउंटरच्या कोणत्याही बाजूनं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. अलीकडे एवढी एकच गोष्ट कानावर आली होती. २०२५च्याच मे महिन्यात आपण पाकिस्तानकडून येणारं टपाल थांबवलं होतं. पण तिथं कारण डोळ्यांपुढं होतं, रक्त सांडलेलं होतं. इथं कुणाचं भांडण होतं? माझं आणि माझ्या लेकीचं तर नव्हतं.

मी १९७४ साली पोस्टात चिकटलो, सॉर्टिंगला. तेव्हा आमचे एक हेडसॉर्टर होते, जुन्या वळणाचे, डोक्यावर काळी टोपी. बेळगावचं सॉर्टिंग म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. पत्ता मराठीत, कानडीत, इंग्रजीत; कुणी हट्टानं 'बेळगाव, महाराष्ट्र' लिहिणारा, कुणी तितक्याच हट्टानं ते खोडून पुढं पाठवणारा. १९७२ साली पिनकोड आला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच, संस्कृतात काव्य करणारे. त्या सहा आकड्यांनी आमची पुष्कळशी भांडणं मिटवली. राज्य कुठलंही लिहा, ५९०००१ म्हटलं की पत्र बेळगावात उतरायचं.

तर एकदा मी त्या हेडसॉर्टरना विचारलं, "साहेब, लंडनहून आलेल्या या पत्रावर तिकीट राणीचं. पैसे तिकडच्या खजिन्यात जमा. मग आपला पोस्टमन शहापूरपर्यंत सायकल मारतो ती फुकट का?"

ते ठसा मारता मारता म्हणाले, "फुकट कसली? ज्याला पत्र आलंय तो उलट टपाली उत्तर लिहील की नाही? त्याचं तिकीट आपलं. फिटंफाट."

मला वाटलं, म्हाताऱ्यानं थट्टा केली. पुढं वाचलं तेव्हा कळलं, सगळ्या जगाचा कारभार खरोखरच या एका वाक्यावर जवळजवळ शंभर वर्षं चालला होता.

त्याआधी जग कसं होतं? दर दोन देशांचा आपापसात वेगळा करार. पत्र चार देशांतून जायचं असेल तर चौघांचे चार दर, वजनं वेगळी, नाणी वेगळी. एकाच गावाला जाणारं पत्र या वाटेनं गेलं तर एक किंमत, त्या वाटेनं गेलं तर दुसरी. यावर काहीतरी तोड काढू या म्हणून १८६३ साली पॅरिसला पंधरा देशांची बैठक भरली. बोलावणं कुणाचं होतं? अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांचं. घरात यादवी युद्ध पेटलेलं असताना या गृहस्थाला जगाच्या पत्रांची काळजी पडली होती. बाकावर बसल्या बसल्या मला नेमकं हे आठवलं आणि हसावं की रडावं कळेना.

पुढं जर्मनीचे टपालप्रमुख हाइनरिश फॉन स्टेफान यांनी नेट लावला. मध्ये फ्रान्स-प्रशियाची लढाई आली, काम लांबलं. अखेर ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडात बर्न इथं बावीस देशांनी सही केली. गोव्यावर राज्य करणारं पोर्तुगाल त्यांत होतं. आपण, म्हणजे तेव्हाचा इंग्रजी अंमलाचा हिंदुस्थान, १८७६ साली त्यात आलो. दोन वर्षांनी, १८७८ साली, त्या संस्थेचं नाव जागतिक टपाल संघ असं झालं. करारातली मुख्य कल्पना अशी : टपालापुरते सगळे सदस्य देश मिळून एकच मुलूख. दुसऱ्याची थैली आपल्या मुलखातून जात असेल तर ती अडवायची नाही. आणि जो देश तिकीट विकेल त्यानंच पैसे ठेवायचे, कारण पत्राला उत्तर येतंच.

हिशेबनीस म्हणेल, हा कसला भाबडा हिशेब? पण तो चालला. दोन महायुद्धांतून चालला. युद्धकैद्यांच्या पत्रांना तिकीट लावायचं नाही, आंधळ्यांच्या उठावाच्या लिपीतल्या पुस्तकांना टपालखर्च नाही, असल्या गोष्टी त्याच करारात आहेत. पोस्टमनचा पगार काढताना त्या नियमांनी कुणाचं दिवाळं निघालं नाही.

मात्र भाबडेपणा खपतो तो देवघेव बरोबरीची असेपर्यंत. आमच्याच टेबलावर मला ते दिसायला हवं होतं. परदेशातून जाडजूड मासिकं यायची, गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग यायचे. आमचा पोस्टमन ते ओझं वाहायचा. उलट टपाली जायचं काय, तर एखादं निळं एरोग्राम. श्रीमंत देश लिहिणारे, गरीब देश वाहणारे. म्हणून १९६९ साली टोकियोच्या अधिवेशनात नियम बदलला : ज्याच्याकडे ओझं जास्त येतं त्याला पाठवणाऱ्यानं वाटपाचा खर्च भरून द्यायचा. ते दर १९७१पासून लागू झाले. म्हणजे आमचे हेडसॉर्टर मला 'फिटंफाट' सांगत होते तेव्हा तो नियम मोडीत निघून तीन वर्षं झाली होती! त्यांना कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं असं नाही. त्याच टोकियोत भारताच्या प्रतिनिधीनं ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन मानावा अशी सूचना केली. तो दिवस आम्ही दरवर्षी हार-पेढे करून साजरा करायचो. नियमाचं मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मग काळ फिरला. पत्रं आटली आणि पाकिटं वाढली. माल संगणकावर मागवायचा, चीनमधून छोट्या पुडक्यात घरपोच. वाटपखर्चाच्या दरात गरीब देशांना सवलत होती आणि चीन अजून त्या रांगेत बसलेला. परिणाम असा, की चीनहून अमेरिकेत पुडकं पाठवणं काही वेळा अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवण्यापेक्षा स्वस्त. अमेरिका तक्रार करू लागली. मला हे कबूल केलं पाहिजे : तक्रार खरी होती. आपल्या पोस्टमनच्या सायकलीबद्दल मी जे विचारलं होतं, तेच आता त्यांचा पोस्टमन विचारत होता. गरिबानं विचारलं तर न्याय आणि श्रीमंतानं विचारलं तर कांगावा, असं मला म्हणता येत नाही.

२०१८च्या ऑक्टोबरात अमेरिकेनं वर्षाची मुदत देऊन संघ सोडण्याची नोटीस दिली. २०१९च्या सप्टेंबरात जिनीव्हाला खास अधिवेशन भरलं. दीडशे वर्षांच्या संसारातलं ते अवघं तिसरं. एक पर्याय मतदानात पडला, मग मधला काढला गेला. ज्यांच्याकडे आयात फार त्यांनी आपले दर लवकर स्वतः ठरवावेत, बाकीच्यांनी टप्प्याटप्प्यानं. तो सगळ्यांनी मान्य केला आणि अमेरिका घरात राहिली. या टेबलाशी एका देशाला एक मत. १९२ देश, नकाराधिकार कुणालाच नाही. शेजारी न्यूयॉर्कचं टेबल बघा. १९४५ साली जे पाच जण नकाराधिकाराच्या खुर्च्यांत बसले त्या खुर्च्या अजून त्यांच्याच. सुरक्षा परिषदेत फरक झाला तो एकदाच, १९६५ साली, अकराचे पंधरा झाले. २०२४ साली भविष्यासाठीचा म्हणून एक मोठा करार तिथं झाला, त्यात परिषद सुधारण्याची चांगली चांगली वाक्यं आहेत. असो. वर्तमानपत्रांचे रकाने मोठ्या टेबलाला मिळतात. जिनीव्हात त्या तीन दिवसांत झालं त्याची बातमी मी तरी आमच्याकडच्या एकाही पानावर पाहिली नाही.

एवढं सगळं जमवून आणलेलं असताना २०२५च्या २९ ऑगस्टला अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातीची सूट सगळ्या देशांसाठी काढून घेतली. जकात लावणं हा ज्याचा त्याचा हक्क. पण ती वसूल कुणी करायची, भरायची कुठं, विमान कंपनीनं कागद कुठला द्यायचा, हे कुणालाच नीट सांगितलेलं नव्हतं. विमानवाल्यांनी हात वर केले. आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून पार्सलं थांबवली आणि महिनाअखेर पत्रंही. आपणच नव्हे, अठ्ठ्याऐंशी टपाल खात्यांनी काही ना काही बंद केलं आणि अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यात एक्क्याऐंशी टक्क्यांनी घसरलं, असे आकडे खुद्द संघानं दिले. १८६३ साली ज्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं त्यांनीच मांडव काढला, आणि तोही पंगत बसलेली असताना.

मी खोका घेऊन घरी आलो. हिनं काही विचारलं नाही. टाके उसवले, डबा काढला. शेजारी म्हणाले, कुरिअरनं पाठवा. चौकशी केली. लाडवांच्या कित्येक पट भाडं. पैशाचा प्रश्न नव्हता असं म्हणणार नाही, पेन्शनरला तो असतोच. पण त्याहून माझी अढी दुसरी होती. मी ज्या घरात जन्मभर भाकरी खाल्ली त्या घराचं दार बंद आहे म्हणून शेजारच्या हॉटेलात जायचं? ही मला म्हणाली, "तुमच्या तत्त्वापायी पोरगी उपाशी नाही ना राहणार?" मी गप्प. लाडू शेवटी आम्ही दोघांनी आणि गल्लीतल्या पोरांनी संपवले.

त्याच सप्टेंबरात दुबईला संघाचं नेहमीचं अधिवेशन भरलं होतं. तिथं जकात आधीच भरून माल पाठवायची, तिचा हिशेब टपाल खात्यांना आयता मिळेल अशी सोय मांडली गेली. दुरुस्ती सुरू झाली होती. ती कासवाच्या गतीनं, पण सगळ्यांना विचारत. एकानं रातोरात दार लावायचं आणि बाकीच्यांनी मिळून महिनाभर कुलूप उघडत बसायचं, हा त्या घराचा नवा शिरस्ता झाला, तर मात्र दुबईतले लोक किती वेळा पुरे पडतील, मला शंका आहे. संघाकडं ना फौज, ना फौजदार. दुसऱ्याची थैली अडवायची नाही, एवढी शपथ आहे फक्त.

नात नवरात्रात झाली. फोनवर पाहिली. आपल्या टपाल खात्यानं १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेचं बुकिंग पुन्हा सुरू केलं. जकात इथंच भरायची, शंभर डॉलरच्या आतल्या भेटीला माफ. वसुबारसेला मी दुसरा खोका घेऊन काउंटरवर उभा. लाडू नवे, सोबत चकल्या. दुपटं आणि टोपडी तीच. नातीला ती आता आखूड होतील, असं ही वाटेपर्यंत बजावत होती.

"काय काय हाय काका आत?" मुलगी फॉर्म भरत होती.

मी सांगितलं. किंमत सांगितली. तिनं वजनकाट्यावर ठेवलं.

"पत्र हाय आत?"

होतं. चार ओळींचं. खाली मी लिहिलं होतं, उलट टपाली उत्तर यावं.

लेकीनं त्याची फोनवर पुष्कळ थट्टा केली. पण डिसेंबरात पोस्टमन दारात आला, हातात परदेशी पाकीट. आत एक जाड कागद, त्यावर नातीच्या तळपायाचा शाईत उमटवलेला ठसा, करंगळी जरा पुसट. मी पाकीट उजेडात धरून तिकिटावरची तारीख वाचत होतो, किती दिवस लागले ते मोजत होतो.

ही म्हणाली, "अहो, आधी हा ठसा बघा. तो तुमचा नंतर बघा."