पंचेंद्रिय जीवाचा प्रश्न

कर्करोगावरील भारतीय संशोधनाचा विचार करताना डॉ. कमल रणदिवे यांचे नाव प्रथम मनात येते. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे अनुभव घेऊन त्या परतल्या. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, पोषक द्रवात पेशी जगविणे आणि वाढविणे, ही ती विद्या. स्तनाच्या कर्करोगाचा त्यांचा अभ्यास मात्र उंदरांवर झाला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

हे सारे आपल्या मासिकात लिहिण्याचे कारण घरचे आहे. लक्ष्मीपुरीत आमच्या काकांची धान्याची पेढी. काकूंना स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ट्रॅस्टुझुमॅब हे औषध सांगितले. दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावयाचे, तेही वर्षभर. खर्चाचा आकडा ऐकून घरातले पुरुष गप्प झाले. काकूंनी तो विचारलाही नाही. त्या मला म्हणाल्या, "बाळ, तू शास्त्र शिकवतोस. यात कुणाचा जीव गेलाय का रे?"

उत्तर होकारार्थी होते, आणि ते मी लपविले नाही.

आपले शरीर परक्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे बनविते. प्रत्येक प्रतिपिंड एकाच खुणेला चिकटते. कुलपाला किल्ली बसावी तसे. पण ते बनविणारी पेशी बाटलीत फार दिवस टिकत नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील अशी पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडली. संकर जगला, वाढला आणि एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड देत राहिला. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही, हे व्यापारी घरांतील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. प्लीहा काढायची म्हणजे उंदीर मारणे आलेच. ट्रॅस्टुझुमॅबचे मूळ प्रतिपिंडही उंदराचे. पुढे त्याचा बहुतांश भाग बदलून मानवी केला गेला.

मात्र काकूंच्या कुपीसाठी नवा उंदीर मारलेला नव्हता. हे औषध हॅमस्टरच्या पेशींत तयार होते, आणि त्या पेशींचा वंश १९५७ साली एका मादीच्या बीजांडकोशातून घेतलेल्या पेशींपासून आजवर टाक्यांमध्ये वाढत आला आहे. परळच्या बाटल्यांतली विद्या तीच, भांडी तेवढी मोठी झाली.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडावी. चूल, शेती, दुकान यांत घडणारी हिंसा यत्नाने कमी करावी. प्रयोगशाळेतील उंदीर यांपैकी कोणत्या खणात ठेवावा, हे मला सहज ठरविता येत नाही. मारणारा हेतुपुरस्सर मारतो, पण मारणे हा त्याचा हेतू नसतो. "उद्योगी" म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. उंदीर पंचेंद्रिय आहे.

काकूंनी दोन दिवस विचार केला. मग औषध घेतले, पूर्ण वर्ष. त्या वर्षी दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी नातेवाइकांची क्षमा मागून झाल्यावर त्यांनी त्या मुक्या जीवांचीही मागितली, मोठ्याने, सर्वांदेखत. कोणी हसले नाही.

शास्त्रही याच दिशेने चालले आहे, हे त्यांना सांगताना मला बरे वाटले. जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या पृष्ठभागावर मानवी प्रतिपिंडांचे तुकडे मांडून त्यांतून हवे ते निवडता येतात. त्याला उंदीर लागत नाही. या वाटेने आलेले संधिवातावरील ॲडॅलिमुमॅब २००२ पासून वापरात आहे, आणि या पद्धतीला २०१८ चे नोबेल मिळाले. भारतातही २०२३ साली औषधचाचणीचे नियम बदलून प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरील चाचण्यांना वाट दिली गेली. काकूंनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग कर्करोगाचं औषध त्या रीतीनं कधी करणार?" काम सुरू आहे, असे मी सांगितले.