आमच्या अंगणांतला सीताअशोक

आमच्या आळींत अंगणोअंगणीं कडा मुरडलेल्या पानांचीं जीं उंच, सरळ झाडें उभीं आहेत, त्यांस सर्व जण अशोक म्हणतात. परंतु रामायणांतील अशोकवनाचा अशोक तो हा नव्हे. खऱ्यास सीताअशोक म्हणतात. त्याच्या एका देठावर पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या असतात, आणि कोंवळी पालवी तांबूस, लुळी, झालरीसारखी लोंबते. फुलांचे गुच्छ बहुधा जून फांद्यांवर येतात. प्रथम पिंवळसर, मग नारिंगी, शेवटीं लाल. गंमत ही कीं, त्यांत पाकळ्या मुळींच नसतात. रंगतात तीं निदलें! उंच अशोकाचीं हिरवट फुलें मात्र पानांत शोधावीं लागतात. रोप विकत घेतांना वाचकांनीं पान पाहूनच घ्यावें.

औषधासाठीं साल काढून काढून रानांतला सीताअशोक विरळ झाला आहे. आमच्या आजीस तो आपल्या दारीं फुललेला पाहावयाचा होता. तिचें वय ऐंशी, आणि झाडाची वाढ मंद! आम्हीं ताजें बीं पेरलें, कारण जुनें सहसा रुजत नाहीं. रोपास सावली व ओल प्रिय, म्हणून तें विहिरीजवळ आंब्याच्या छायेंत लावलें. उन्हाळ्यांत बुडाशीं पालापाचोळा पसरतों. पावसाळ्यांत पाणी तुंबूं देत नाहीं.

आज तें आमच्या कमरेइतकें आहे. फुलांस अजून कित्येक वर्षें लागतील, हें आजीस ठाऊक आहे. तरी ती रोज सकाळीं खुर्ची घेऊन त्याच्यापाशीं बसते आणि तांबूस झालरी मोजते. यंदा सात निघाल्या.