पाठीवर बिऱ्हाड

खारघर, नवी मुंबई

प्रिय सई,

माथेरानच्या घोड्यावर बसून आल्यापासून तुला घोड्यांचं वेड लागलंय, असं ताई सांगत होती. दिवसभर मारवाडी आणि काठियावाडीचे व्हिडिओ बघतेस म्हणे. बघ की! पण त्यात आपल्याकडची भीमथडी नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

भीमा-नीरेच्या काठची ही जात. बंदरांत उतरलेली अरबी घोडी आणि दख्खनची तट्टं यांच्या संकरातून ती घडली, असं मानतात. उंची जेमतेम सव्वाचार फूट. अंग आटोपशीर, पाय काटक, खूर टणक. रुबाबात ती मारवाडीपुढे फिकी पडेल. पण मिळेल त्या चाऱ्यावर भागवून घाट चढायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागायचं, हे तिनंच करावं. मराठ्यांच्या घोडदळाला नेमकं हेच हवं होतं. राजा बढे यांच्या ज्या गीताला 2023 मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यात हीच तट्टं आहेत. शाळेत म्हणताना लक्ष दे.

लढाया संपल्यावर ही घोडी टिकली ती धनगरांमुळे. दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे कुटुंबांचे गट, घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाआधी परततात. आपल्या पनवेल-कर्जतकडेही येतात. कापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, धनगरांना धान्य नाहीतर पैसे. वाडा हलताना घोडीकडे नीट बघ. पाठीवर घोंगडीची घडी, तिच्यावर भांडीकुंडी, रात्री मेंढरांभोवती लावायची वाघर, वर बांधलेल्या कोंबड्या आणि पोत्यातून डोकं काढलेलं कालपरवाचं कोकरू. अख्खं बिऱ्हाड सांभाळत ती मुकाट चालते.

2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. घोड्यांतली ही देशातली आठवी. आनंदच आहे. पण नोंदीनं नाव राहतं. घोडी राहायची तर वाडा फिरता राहायला हवा. आपल्या भागात खाचरांवर टॉवर उभे राहताहेत. मेंढरं बसवायला शेत नाही, चरायला माळ नाही. वाडाच यायचा थांबला, तर घोडी कुणी कशासाठी पाळावी?

तेव्हा यंदा दिवाळीत ये. पनवेलच्या पुढे कळप आडवा आला, तर बाबांना हॉर्न वाजवू देऊ नकोस. आणि घोडीला हात लावायचाच असेल, तर आधी तिच्या मालकिणीला विचार.

तुझी,
मावशी