पाचव्या दिवशी तीनच अध्याय

मार्गशीर्ष लागला की ठाण्यात घंटाळी मंदिराच्या आसपासच्या कितीतरी घरांत गुरुचरित्राची पोथी कपाटातून खाली येते. दत्तजयंतीला समाप्ती व्हावी अशा बेतानं सप्ताह बसतो. त्याच सुमारास, कधी त्याच घरात, दुसराही एक हिशेब चाललेला असतो. जानेवारीत कुणी तरी वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडलेला असतो. डिसेंबरात आकडा अडतो आणि हात आपसूक पातळ पुस्तकांकडे वळतो.

पोथीचं वेळापत्रक असं अडत नाही. ते नीट पाहावं. बावन्न अध्याय आणि त्रेपन्नावी अवतरणिका. सातानं भागलं तर रोजचे साडेसात-आठ अध्याय यायला हवेत. रूढ वाटणी मात्र वेगळी आहे: पहिल्या दिवशी ९ व्या अध्यायापर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५३. पोथीपरत्वे एखाददुसरा अध्याय इकडेतिकडे होतो, पण एकूण घडण हीच. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय, पाचव्या दिवशी फक्त तीन!

छत्तिसावा अध्याय उघडला की उलगडा होतो. परान्न न घेणारा ब्राह्मण आणि जेवणावळीची ओढ असलेली त्याची बायको, एवढी छोटी गोष्ट होते न होते तोच आचारधर्म सुरू होतो. पहाटे उठावं कसं, दात कशानं घासावेत, स्नान, संध्या. ओवीमागून ओवी नियमच नियम. सदतिसाव्यातही गृहस्थाश्रमाचा तोच धागा. मोठ्यानं वाचायचं असल्यामुळे नजरेनं पानं ओलांडून जाण्याची सोय नाही. घसा सुकतो, मांडी अवघडते. आणि मग अडतिसावा: भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण तिघांपुरता शिधा घेऊन येतो आणि त्यातच चार हजारांचं जेवण होतं. नियमांनी थकलेल्या वाचकाला दिवस संपताना पंगत मिळावी, ही वाटणी ज्यानं कुणी बसवली त्याला वाचणारा माणूस पुरता ठाऊक होता. त्यानं अध्याय मोजले नाहीत, अध्यायांचं ओझं मोजलं.

ही समज पन्नासाच्या संकल्पात नाही. त्यात विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ एक आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ही एकच. ‘रणांगण’ १९३९चं, एका बैठकीत संपणारं. ‘हिंदू’ २०१०ची, सहाशे पानांच्या घरातली. संख्येच्या नादात माणूस ‘हिंदू’ पुढच्या वर्षावर ढकलतो. तेवढ्यानं भागत नाही. ‘रणांगण’ संपल्यावर दोन-तीन दिवस दुसरं काही हाती धरवत नाही. ते दिवसही वाचनातच धरायला हवेत. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आकारानं लहानच, पण त्यातली गांधारी, कुंती, द्रौपदी एकेक करून, मध्ये थांबत वाचावी. भरभर संपवलं तर हाती काही राहत नाही.

ठाणे-डोंबिवलीकडे वर्षाचं आणखी एक आव्हान असतं, दिवाळी अंकांचं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही चाल. वाचनालयं दिवाळीत अंकांची वेगळी वर्गणी घेतात. एक अंक परत करायचा, दुसरा घ्यायचा. गाजलेला अंक खिडकीवर कधीच नसतो, तो कुणाच्या तरी घरी असतो. मग समोर असेल तो घ्यावा लागतो, आणि एरवी नावही कळलं नसतं अशा लेखकाची चांगली कथा त्यातच सापडते. या वाचनात किती झाले हे कुणी विचारत नाही. ‘अमक्यातली ती कथा वाचलीस का?’ असंच विचारतात.

इकडची वाचनालयंही जुनी आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३चं. नौपाड्यातून सुभाष पथावरच्या या ग्रंथसंग्रहालयापर्यंत चालत जाता येतं. ते उभारण्यात पुढे असलेले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा एकवीस वर्षांचे होते. शिक्षण विज्ञानाचं, पोटापाण्याचा व्यवसाय मिठागरांचा आणि ध्यास मराठी ग्रंथ एका छपराखाली आणण्याचा. जुन्या कवींची हस्तलिखितं शोधून ती छापण्यासाठी त्यांनी ‘महाराष्ट्र कवी’ हे मासिक चालवलं. त्यांनी लिहिलेलं ‘महाराष्ट्र सारस्वत’, म्हणजे जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास, आधी निबंधाएवढं होतं. भाव्यांच्या हातून ते वाढत वाढत ग्रंथ झालं आणि त्यांच्या मागे शं. गो. तुळपुळ्यांनी त्याला पुरवणी जोडली. महानुभावांपासून पंडित-शाहिरांपर्यंत सगळे त्यात भेटतात. मतं आता जुनी वाटतील, पण वाचलेल्या प्रत्येक कवीविषयी भाव्यांचा जीव किती गुंतलेला आहे हे पानोपानी दिसतं. यंदा एकच जाड पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्यावं, आणि मुदत वाढवून मिळेल का हे खिडकीवर आधीच विचारून ठेवावं.